हनुवटीखालचा उजेड

तीन बाय चार सेंटिमीटर.
एवढ्याशा चौकोनात माझं सगळं गाव बसतं,
कपाळापासून खांद्यापर्यंत.
त्याखाली काय चाललंय ते सरकारला नको असतं.

एप्रिलात सोलिमोईस पायऱ्या मोजत वर येते,
घाई नसते तिला. रोज चार बोटं.
आधी काळ्या मुंग्या भिंत चढतात,
मग डोना ओस्मारिना कोंबड्या होडीत बसवते,
मग माझा मेव्हणा ग्लेडसन
घरात जमिनीच्या वर दुसरी जमीन ठोकतो,
फळ्यांची.
छत मात्र आहे तिथंच.
जून उजाडेपर्यंत आम्ही सगळे घरात वाकून चालतो,
कुणी वडीलधारं समोर बसल्यासारखे.

स्टुडिओत मी फळ्या घालत नाही.
वाकलेल्या माणसाचा फोटो ओळखपत्राला चालत नाही.
म्हणून स्टूल पाण्यात, गिऱ्हाईक पाण्यात, मी पाण्यात,
आणि मागे पांढरी चादर,
जिची खालची कड मी दरवर्षी थोडी कापतो.

पूरग्रस्तांच्या अर्जाला फोटो लागतो.
नियम असा, की मागे पांढरं हवं,
बाकी काहीही दिसता कामा नये.
लिंदोमार न्हावी इस्त्रीचा शर्ट घालून आला,
गळ्यात मुलाच्या लग्नातला टाय,
खाली चड्डी.
अंगठ्याला मासा चावला तेव्हा हसू दाबलंन त्याने,
ते दाबलेलं हसू आता अर्ज क्रमांक दोनशे चौदावर आहे.

म्हणतात, माणूस माणसाला पाण्यात पाहतो.
मी तर तीस वर्षं सगळ्यांनाच पाण्यात पाहिलंय,
कुणाचं वाईट चिंतलं नाही.

एकदा राजधानीतून एक जण आला, स्पीडबोटीने,
हाताएवढी लांब लेन्स.
ओस्मारिनाला म्हणाला, हसू नका.
तिने त्याच आठवड्यात कवळी बसवली होती.
पंधरा दिवसांनी ती पेपरात छापून आली,
मिठाच्या पुडीभोवती गुंडाळलेली,
तोंड मिटून, मागे बुडालेलं चर्च.
कागद सरळ करून तिने पाहिला बराच वेळ.
'चर्च छान आलंय,' म्हणाली.
मग माझ्या स्टुलावर बसली
आणि सगळे दात दाखवले.
अर्जाला तो चालला नाही. माझ्याकडे आहे.

बिस्किटांच्या डब्यात निगेटिव्ह. वहीतल्या तारखा
वाळवीने खाल्ल्या, म्हणून यंदा
मी चेहऱ्यांवरून वर्षं लावायला बसलो,
तेव्हा कळलं.
कोरड्या महिन्यांत उजेड वरून येतो, खिडकीतून,
भुवयांखाली सावली पडते.
पुरात तो दारातून येतो, पाण्यावर आपटून,
आणि हनुवटीखाली थरथरतो.
चौकोनात नदी कधीच घेतली नाही मी,
ती गळ्याखालून आत आलेलीच होती.

तासाभरात दोन ढीग झाले.
मग तळाशी वडिलांचा निघाला,
माझ्या आधी दुकान चालवणाऱ्या आबेलिनोने काढलेला,
नोकरीच्या कार्डासाठी,
निघायच्या दिवशीच.
आई सांगत आलीये, ते ऑक्टोबरात गेले,
उघड्या पडलेल्या वाळूवरून चालत,
पाणी यायच्या आत परततो म्हणाले,
मी सहा महिन्यांचा होतो.

भिंगाखाली धरला.
भुवयांखाली सावली नाही.
हनुवटीखाली तो उजेड, हलता,
गळ्याच्या घाटीपर्यंत.

मागच्या खोलीत आई माशाचे खवले काढत होती,
फळीवर बसून, डोकं छताला लागू नये म्हणून वाकलेली.
खर्र, खर्र. थांबली.
'काय रे, एवढा वेळ?'
'काही नाही,' म्हटलं. 'ढीग लावतोय.'

फोटो कुठल्या ढिगात ठेवायचा ते ठरेना,
तेवढ्यात दाराला होडी लागली.
लिंदोमारची सून, कडेवर बाळ,
बाळाचं पहिलं ओळखपत्र.
ते स्थिर राहीना. पाण्यावरच्या तिरिपेला
पकडायला वाकत होतं सारखं.

तिला म्हटलं, जरा वर धर त्याला.
अजून थोडं.
हनुवटी दिसू दे.